चाकातली हवा आणि वाडीचे लक्ष्मणराव

१८८८ साली जगाच्या दोन कोपऱ्यांत दोन गोष्टी घडल्या. आयर्लंडातल्या बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या एका डॉक्टरने हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट घेतलं. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार हादरते, म्हणून आदल्या वर्षी त्याने रबराची नळी फुगवून तिच्या चाकांवर बसवली होती. त्याच १८८८ साली इकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचं दुकान काढलं. त्यातला धाकटा भाऊ लक्ष्मण तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

डनलॉपला बेळगाव ठाऊक नव्हतं, आणि बेळगावकरांना डनलॉप. पुढे डनलॉपचा टायर सायकलीवरून मोटारीवर चढला आणि जगभर गेला. लक्ष्मणराव सायकलीवरून नांगराकडे आणि नांगरावरून पंपाकडे गेले, आणि त्यांच्या नावाची वाडी महाराष्ट्राच्या नकाशावर उमटली. लक्ष्मणरावांचं चरित्र आपल्याकडे अनेकांनी सांगितलं आहे. बहुधा उद्योगपतीचं चरित्र म्हणून. मला ते आज जरा वेगळ्या बाजूने सांगायचं आहे. यंत्र कसं बनतं, यापेक्षा ते कसं बिघडतं आणि बिघडतंय हे माणसाला कधी कळतं, या बाजूने. कारण साताऱ्याहून सांगलीकडे येणाऱ्या रस्त्यावर आज हजारो मोटारी धावत असतात, आणि त्यातल्या पुष्कळशा नव्या गाड्यांत टायरची हवा कमी झाली की चालकासमोर पिवळा दिवा लागतो. तो दिवा काय सांगतो, कसा सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेताना मला वारंवार लक्ष्मणरावांची आठवण होते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र पोथीत रमलं नाही आणि शाळेच्या पुस्तकांतही नाही. त्याला चित्रांचा नाद होता, आणि कळ दाबली की हलणाऱ्या, फिरवली की चालणाऱ्या वस्तूंचा. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तिथे एक गोष्ट उघडकीला आली. या मुलाला काही रंग नीट ओळखताच येत नव्हते. चित्रकार होऊ पाहणाऱ्या माणसाला याहून मोठा फटका कोणता? पण लक्ष्मणरावांनी कपाळाला हात लावला नाही. ज्या चित्रात रंग लागत नाहीत, फक्त रेघ आणि माप लागतं, त्या यांत्रिक रेखाटनाकडे ते वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हा विषय शिकवू लागले, आणि उरलेला वेळ तिथल्या कर्मशाळेत यंत्रं उघडून पाहण्यात घालवू लागले. आपला डोळा सगळं पाहू शकत नाही, हे ज्याला ऐन तारुण्यात कळलं, त्याचा मापावरचा विश्वास दृढ होणारच, असं मला वाटतं.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. सायकलीचं दुकान होतंच. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू. ती विकायची म्हणजे नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवावं लागे, आणि बिघडली तर दुरुस्त करून द्यावी लागे. विकणारा, शिकवणारा आणि दुरुस्त करणारा एकच. पुढच्या साऱ्या आयुष्याचं बी या दुकानात पेरलं गेलं. वस्तू दुकानातून बाहेर पडली की आपलं काम संपलं, असं लक्ष्मणरावांनी कधी मानलं नाही.

सायकलीच्या दुकानातून पुढे कडबा कापण्याचं यंत्र निघालं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. नांगराची कथा शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे सांगितली जाते. शेतकऱ्यांना वाटे, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. नांगर दुकानात पडून राहिले आणि पहिले काही विकायला दोन वर्षं गेली. आपण ही गोष्ट ऐकतो आणि शेतकऱ्यांच्या अडाणीपणाला हसतो. मला ते हसणं पटत नाही. शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर हाताळला होता. तो कुठे कुरकुरतो, कुठे मोडतो, गावच्या सुताराकडे कधी न्यायचा, हे त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. लोखंडी नांगर मुका होता. तो काय बोलतो ते शेतकऱ्याला कळत नव्हतं. अनोळखी यंत्राची भीती म्हणजे पुष्कळदा त्याच्या बिघाडाची भीती असते. लक्ष्मणरावांनी हे ओळखलं. जमिनीला टणक पडणारे फाळ त्यांनी सुधारले, नांगर शेतात नेऊन चालवून दाखवले, सुटे भाग मिळतील अशी सोय केली. शेतकऱ्याला यंत्राची भाषा शिकवली, तेव्हा कुठे नांगर खपू लागला.

बेळगावात धंदा जरा स्थिरावतो तोच नगरपालिकेच्या योजनेपायी कारखान्याला जागा सोडावी लागली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध गाव आजच्या सातारा जिल्ह्यात. पण संस्थानचा कुंडल तालुका दूर दक्षिणेला, कृष्णाकाठाजवळ. तिथे कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन त्यांनी लक्ष्मणरावांना दिली, भांडवलालाही हात दिला. जमीन कसली, निवडुंग आणि साप यांचं राज्य. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. संस्थान विलीन झाल्यावर हा भाग सातारा जिल्ह्यात आला, १९४९ साली दक्षिण साताऱ्यात गेला आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणून सातारकर आणि सांगलीकर दोघेही लक्ष्मणरावांना आपले म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे.

वाडीत लक्ष्मणरावांनी नुसता कारखाना काढला नाही. घरं, शाळा, पाणी, दवाखाना, सगळं हळूहळू उभं केलं. शिवाशिव वाडीत चालणार नाही हा दंडक घातला. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर नेमलं. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केलं. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी घराघरांत पोचलं. आपण त्याचा वाङ्मयीन इतिहास लिहितो; पण त्याचं मूळ काम होतं यंत्र घेणाऱ्यांशी आणि विकणाऱ्यांशी बोलत राहण्याचं. बेळगावच्या दुकानातला सायकल शिकवणारा माणूस आता छापील अक्षरांतून बोलत होता, एवढंच.

१९२६ साली वाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला, आणि इथे लक्ष्मणरावांची गाठ पुन्हा हवेशी पडली.

पंप विहिरीतलं पाणी ओढतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो ओढत नाही. पंपातलं चक्र गरगर फिरून आतलं पाणी बाहेर फेकतं, आत दाब कमी होतो, आणि विहिरीच्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा ते पाणी नळीतून वर ढकलते. हवेचा हा दाब दर चौरस इंचाला सुमारे पावणेपंधरा पौंड. पण यासाठी पंप आणि त्याची नळी आधी पाण्याने भरलेली हवी. आत हवा राहिली तर चक्र नुसतंच फिरतं, पाणी काही येत नाही. नळीतलं पाणी खाली निसटू नये म्हणून तिच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह बसवतात. आमच्याकडचे शेतकरी त्याला सरळ 'फुटबॉल' म्हणतात.

मी बँकेत होतो तेव्हा काही वर्षं पलूस-तासगाव भागात पंप आणि पाइपलाइनची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर येत. मंजुरीआधी आणि नंतरही विहिरीवर जाऊन पाहणी करावी लागे. तिथे मी शिकलो की हप्ता थकण्याची सुरुवात कित्येकदा या 'फुटबॉल'मध्ये असते. त्यात काडीकचरा अडकतो, पाणी थेंबाथेंबाने निसटतं, पंप हवा धरतो. मोटार फिरते आहे म्हणून शेतकरी निर्धास्त घरी जेवायला जातो. पंप कोरडा फिरत राहतो, तापतो, सील जातं, कधी मोटारही जळते. पाण्यावाचून ऊस वाळतो आणि हप्ता थकतो. कागदावर आम्ही कारण लिहायचो, पीक बुडालं. मूळ कारण बोटभर कचरा. जाणता शेतकरी मात्र बांधावरून नुसत्या आवाजावर ओळखायचा की पंप पाणी टाकतोय की हवा खातोय. त्याच्या शेजारी उभं राहून मला दोन्ही आवाज सारखेच वाटत.

पंपात हवा शिरते तेव्हा घात होतो. टायरमधून हवा जाते तेव्हा. दोन्हीकडे शत्रू एकच, न दिसणारा आणि हळू येणारा बिघाड.

आता त्या पिवळ्या दिव्याकडे वळू. हजार-अकराशे किलोची मोटार चार चाकांवर उभी असते, पण प्रत्यक्षात ती रबरावर उभी नसून रबरात कोंडलेल्या हवेवर उभी असते. ३३ पौंड हवा असेल तर प्रत्येक टायरचा साधारण १८-२० चौरस इंचाचा भाग रस्त्याला टेकतो. म्हणजे एका पोस्टकार्डाएवढा. सबंध कुटुंब घेऊन खंबाटकीचा घाट उतरणारी गाडी चार पोस्टकार्डांवर चाललेली असते. हवा कमी झाली की टायर बसतो, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि सरळ होतात. तार आपण मागे-पुढे वाकवत राहिलो तर ती गरम होते आणि शेवटी तुटते, तसंच हे. मे महिन्यातली दुपार, तापलेला रस्ता, टपावर सामान, ऐंशी-शंभरचा वेग, आणि आतून भाजत चाललेला टायर. आतले धागे सुटू लागतात आणि एका क्षणी टायर फुटतो. आपण म्हणतो, उन्हाने हवा वाढली म्हणून फुटला. पुष्कळदा खरी गोष्ट उलटी असते. हवा कमी होती म्हणून तो तापला, आणि तापला म्हणून फुटला.

धडधाकट टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआप झिरपत असते. आणि आजच्या रेडियल टायरची गंमत अशी, की चौथा हिस्सा हवा गेली तरी तो डोळ्याला ठीकच दिसतो. सायकलचं चाक अंगठ्याने दाबून अंदाज घेता येतो. मोटारीच्या टायरला अंगठा काय, लाथ मारली तरी ३३ आणि २५ यांतला फरक कळत नाही. रंग न ओळखणाऱ्या डोळ्याला रेघ आणि माप यांचा आधार घ्यावा लागतो, तसं इथेही माप हवं.

ते माप गाडी दोन रीतींनी घेते. पहिली सरळ रीत. प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीहून लहान असा एक सेन्सर बसवलेला असतो. तो आतला दाब आणि तापमान मोजतो आणि ते आकडे रेडिओ लहरींनी गाडीतल्या यंत्रणेला कळवतो. चाक फिरत असल्याने तार जोडता येत नाही, म्हणून हा बिनतारी निरोप. सेन्सरमध्ये छोटी बॅटरी असते. ती काही वर्षं टिकते आणि संपली की साधारणपणे सेन्सरच बदलावा लागतो.

दुसरी रीत मला अधिक आवडते, कारण ती शेतकऱ्याच्या रीतीसारखी आहे. हिच्यात हवा कोणी मोजतच नाही. ब्रेक लावताना चाकं अडकू नयेत म्हणून गाडीत एबीएस नावाची व्यवस्था असते, आणि तिच्यासाठी प्रत्येक चाकाचा वेग आधीच मोजला जात असतो. ज्या चाकातली हवा कमी, ते थोडं बसतं, त्याची त्रिज्या किंचित घटते, आणि तेवढंच अंतर काटायला त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडीतला संगणक चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करतो आणि एकाची चाल वेगळी दिसली की दिवा लावतो. जोडीतला एक बैल पाऊल चोरू लागला की गाडीवान त्याचा खूर न पाहताच ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. पण या रीतीची एक मर्यादा आहे. चारही चाकांतली हवा सारखीच उतरली, तर तुलना कशाशी करणार? शिवाय हवा भरल्यानंतर गाडीला बटण दाबून सांगावं लागतं की आता हे माप बरोबर धर. हे न केल्यास ती चुकीलाच बरोबर समजते.

ही व्यवस्था १९८६ साली पोर्श ९५९ या महागड्या गाडीत आली. टायर फुटून अमेरिकेत झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर तिथे २००० साली कायदा झाला आणि २००७ पर्यंत सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडे २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी ही यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचं साहित्य असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी बाळगण्याची सक्ती उरली नाही. म्हणजे पाचव्या चाकाची जागा दिव्याने घेतली. आता तो दिवा समजणं ही हौस राहिलेली नाही.

आणि तो दिवा सगळं सांगत नाही. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे हवा चौथ्या हिश्शाने घटल्यावर दिवा लागला तरी चालतं. ३३ पौंडांची २५ झाल्यावर! २७ पौंडांवर तो गप्प असू शकतो, आणि टायर मात्र तापत असतो. टायर झिजलाय का, त्याला चीर पडलीय का, सात-आठ वर्षांचा होऊन कडक झालाय का, हेही त्याला कळत नाही. बँकेत खातं नव्वद दिवस थकलं की आमच्या यादीत त्यावर शिक्का येई. पण चांगल्या अधिकाऱ्याला ते खातं पहिल्या उशिरा आलेल्या हप्त्यालाच कळलेलं असे. यादी हवीच. पण यादी आल्यावर जागा होणारा अधिकारी उशिराच जागा झालेला असतो.

इथे लक्ष्मणरावांच्या आयुष्याचा मला अर्थ लागतो. त्यांनी यंत्रं दिली ती आंधळेपणाने वापरण्यासाठी नव्हे. कारखान्यात माप, गिऱ्हाइकाच्या हातात समज, अशी त्यांची वाटणी होती. आजची गाडी आपल्यासाठी मोजते, ही मोठी सोय आहे आणि तिने जीव वाचतात. पण मोजणाऱ्या यंत्राने समजून घेणाऱ्या माणसाला सुट्टी दिली, असं नाही.

उत्तरायुष्यात लक्ष्मणरावांनी काही काळ औंधचं दिवाणपदही सांभाळलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून १९२६ साली परतला आणि त्याने पुढे उद्योगाचा पसारा हरिहर, बंगळूर, पुणे असा नेला. १९४८ च्या जाळपोळीची झळ वाडीलाही लागली. उभी केलेली वस्तू जळताना पाहणं त्या वयात सोपं नसतं. पण वाडी पुन्हा उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी झालं, आणि तिथल्या कारखान्यात आजही पंप तयार होतात.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत आपण गाडी काढतो. डबे भरतो, पाण्याच्या बाटल्या मोजून घेतो, कुलपं ओढून पाहतो. त्याच वेळी आणखी पाच मिनिटं काढावीत. गाडी रात्रभर उभी असताना, म्हणजे टायर थंड असताना, हवा मोजावी. चालून तापल्यावर मोजलेला आकडा फुगलेला असतो. किती हवी ते चालकाच्या दारापाशी किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं, माणसं-सामान जास्त असेल तर वेगळा आकडा दिलेला असतो. स्टेपनी असेल तर तिचीही हवा पाहावी, कारण सर्वांत जास्त विसर तिचाच पडतो. आणि हे करताना घरातल्या मुलामुलींना जवळ बोलवावं, मीटर त्यांच्या हातात द्यावं आणि आकडा त्यांनाच वाचू द्यावा.